उम्म यूसुफ आणि माझी तीन मिनिटं

आमच्या घरी जेवताना कोणी नुसतं जेवत नसे. हॅनोव्हरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबा साडेपाचला कंपनीतून यायचे, बूट दाराशी कपाटात ठेवायचे, हात धुवायचे आणि टेबलाशी बसता बसता काहीतरी बोलायचे, ज्याला कोणीतरी हो किंवा नाही म्हणावं लागे. मग ते म्हणायचे, "सिद्ध कर." बाबा गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनियर होते. चाचणीत उतरत नाही ती गोष्ट त्यांच्या लेखी नव्हतीच. आमटी आज छान झालीय असं आई म्हणाली तरी ते म्हणत, "कशावरून?" आई हसण्यावारी न्यायची. मग ते दुसरा प्रश्न टाकायचे, तिसरा टाकायचे, आणि आईचं हसणं हळूहळू मावळायचं. ती साताऱ्याच्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवत होती. इथे आल्यावर तिला शिकवायला कोणी उरलं नव्हतं. जर्मन तिला बोलता येत नसे आणि बाबांसारखं वाद घालणारं मराठी तिला बोलायचं नसे. शेवटी ती पोळ्या आणायच्या निमित्तानं उठायची आणि बाबा मला डोळा मारून म्हणायचे, "प्रतिपक्षानं मैदान सोडलं." मी हसायचे. दर वेळी हसायचे, हे मला इथे लिहायलाच हवं.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. खिडकीखालच्या वळणावर श्टाटबान, म्हणजे शहरातली ट्राम, किंचाळत वळायची. रविवारी सकाळी दोन चर्चच्या घंटा एकमेकींवर आपटल्यासारख्या वाजायच्या. दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ, तेव्हा आईनं चटणी वाटायला मिक्सर लावला की खालच्या फ्राऊ केलर झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकायच्या. आई मिक्सर बंद करायची आणि जमिनीकडे बघून हळूच "एन्टशुल्डिगुंग" म्हणायची, जणू त्यांना ते ऐकू जाणार होतं. तिला येणारे जर्मन शब्द बहुतेक असेच होते, माफी मागायचे. बाकी सगळ्यासाठी मी होते. घरमालकाचं पत्र, शाळेच्या सभा, वीज कंपनीचा माणूस, सगळीकडे आई मराठीत बोलायची आणि मी तिचं बोलणं जर्मनमध्ये पोचवायचे. मी नऊ वर्षांची असताना आम्ही आलो. बाराव्या वर्षी मी आईचं तोंड झाले होते, आणि सोळाव्या वर्षी मला त्याचा कंटाळा यायला लागला होता.

उम्म यूसुफ आईला एका तुर्की दुकानात भेटली. दुकानाबाहेर वांग्यांचा खोका होता, आणि दोघी त्यातली छोटी छोटी वांगी वेगळी काढत होत्या. आईला भरल्या वांग्यांसाठी हवी होती. त्या बाईलाही आत भात आणि खिमा भरायचा होता. दोघींचे हात एकाच वांग्यावर पडले आणि दोघी हसल्या, असं आई सांगायची. त्या बाईनं बोटांनी दाखवलं, देठ असा कापायचा. आईनं दाखवलं, नाही, आम्ही असा, चार चिरा. दुकानदार मधून ओरडत होता की भाजी निवडू नका. पुढच्या आठवड्यात ती बाई आमच्या दारात झाकण लावलेलं पातेलं घेऊन उभी, आणि तिच्यामागे माझ्याच वर्गातली रानिया. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. वर्गात आमची ओळख बेताचीच होती. ती मागे बसायची, कमी बोलायची, आणि तिचे निबंध सर वाचून दाखवायचे.

तेव्हापासून दर शनिवारी त्या यायच्या. पातेलं ताटावर उपडं केलं की भाताचा केक उभा राहायचा, वर तळलेली वांगी आणि बदाम. आई तिला भरीत करून द्यायची. ती त्यात तिळाचं वाटण घालायची आणि आईला चाखायला लावायची. आई मान हलवायची, की हे चुकीचं आहे पण छान आहे. बोलणं असं: उम्म यूसुफ अरबीत सांगायची, रानिया ते जर्मनमध्ये मला, मी मराठीत आईला. मग त्याच वाटेनं परत. साधा प्रश्न जाऊन यायला मिनिट लागे आणि त्या मिनिटात दोघी एकमेकींकडे बघून हसत राहायच्या. आईला मी तिच्या माहेरीसुद्धा एवढं हसताना पाहिलं नव्हतं. बाबा शनिवारी टेनिसला जायचे, त्यामुळे त्या वेळात कोणी कोणाला सिद्ध करायला सांगत नसे.

एका शनिवारी आईनं विचारलं, "यूसुफ कुठे असतो? त्याला एकदा घेऊन या की." आईला एवढं कळलं होतं की उम्म म्हणजे आई, म्हणजे ही यूसुफची आई. पण घरात तर रानिया आणि इथेच जन्मलेली एक धाकटी मुलगी, एवढ्याच दिसत होत्या. मी प्रश्न जर्मनमध्ये केला. रानियानं तो आपल्या आईला लगेच सांगितला नाही. मग सांगितला. उम्म यूसुफनं हातातलं वांगं खाली ठेवलं, ओढणीला हात पुसले आणि बोलायला लागली.

नाब्लुसजवळच्या एका गावात त्या राहायच्या. शहरातलं हॉस्पिटल आठ किलोमीटरवर आणि मध्ये सैन्याचे दोन नाके. दिवस भरत आले होते तेव्हा गावात तीन दिवस संचारबंदी होती. जीप फिरायची आणि भोंग्यावरून ओरडायची की घराबाहेर दिसाल तर गोळी घालू. शेजारची सुईण परसातल्या भिंतींवरून उतरून आली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. पण बाहेर संचारबंदी. तशाच दिवसांत गावातली एक बाई जैतुनांच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागांमधून चालत गेली होती आणि पोचलीही होती. "माझा धीर झाला नाही," उम्म यूसुफ म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन तास संचारबंदी उठली तशी ती आणि नवरा गाडीतून निघाले. पहिल्या नाक्यावरून सोडलं. दुसऱ्यावर सैनिक म्हणाला, गाडी बंद करा, थांबा. नवरा हात वर करून, ओरडून सांगत होता. सैनिक कोवळा पोरगा होता, त्याच्या बंदुकीचं टोक हलत होतं, तो वायरलेसवर कोणालातरी विचारत होता आणि उत्तर येत नव्हतं. पाऊण तास. मूल मागच्या सीटवर झालं. मुलगा. थोडा वेळ जगला. किती, ते नवऱ्यानं घड्याळात पाहून ठेवलं होतं, पण त्यानं तिला कधी सांगितलं नाही. मग गाडी सोडली. आता हॉस्पिटलची घाई नव्हती.

रानिया हे सगळं सपाट आवाजात सांगत होती, धडा वाचल्यासारखं. मीही तसंच मराठीत सांगत होते. शेवटी उम्म यूसुफ आईकडे बघून म्हणाली, आणि ते दोन भाषांतून फिरून आईपर्यंत आलं: "आदल्या दिवशीच बागेतून निघाले असते तर. माझीच चूक आहे." आईनं तिचे दोन्ही हात धरले. तिनं माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाली, "तिला सांग, तुमची काही चूक नाही. बाहेर बंदुका घेऊन माणसं उभी होती. तुमची चूक कशी असेल? नीट सांग हं." मी नीट सांगितलं. ते वाक्य मी माझ्या तोंडानं बोलले होते, म्हणून ते इथे पूर्ण लिहिलं.

मी हे मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. जर्मनमध्ये लिहायला बसले की माझं डोकं आपोआप मुद्दे रचायला लागतं, आणि दोन पानांत मी निर्दोष सुटते. मराठीत मला तेवढी सफाई नाही.

शाळेतल्या वादविवादाची सुरुवात हेर फोग्टनी केली. ते इतिहास शिकवायचे, चांगले होते, आणि एका विषयाला घाबरायचे. त्या काळात रोज बातम्यांत तेच असायचं. तिकडे बसमध्ये स्फोट, तिकडे रणगाडे, पाडलेली घरं, पुन्हा स्फोट. वर्गात कोणी विषय काढला की फोग्ट चष्मा काढून पुसायला लागायचे आणि म्हणायचे, "आपण जर्मन आहोत, आपण फार जपून बोललं पाहिजे." मग वर्ग गप्प व्हायचा. एकदा रानिया मागून म्हणाली, "मी जर्मन नाही. मी बोलू का?" कोणीतरी हसलं. फोग्ट मात्र दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, बोलायचं तर नियमानं बोलू. अकरावीची खुली स्पर्धा, शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात, पालकांसमोर. विषय: व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी लोकांना ज्या नाक्यांतून आणि संचारबंदीतून जगावं लागतं, त्याचं समर्थन करता येईल का? दोघे समर्थनाचे, दोघे विरोधाचे. प्रत्येकाला तीन मिनिटं, नंतर एकमेकांना प्रश्न.

रानियानं विरोधाची बाजू मागून घेतली. समर्थनाची इल्यानं. इल्या ओडेसाहून आलेला ज्यू मुलगा होता, उंच, तोतरा. बोलताना अडखळायचा, म्हणून स्पर्धांत कधी उतरायचा नाही. पण या वेळी त्यानं स्वतः हात वर केला. उरलेल्या दोन जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. आंकं नावाची मुलगी रानियाकडे गेली. मी इल्याकडे. मला काही वाटलं नाही. कुठलीही बाजू मिळाली तरी मी जिंकायचे. तेव्हा मी त्यालाच बुद्धी समजत होते.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर बाबा खुलले होते. "त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कुठला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रानियाच्या भावाचं. शाळेत सांगायला तिनं तिच्या आईची परवानगी घेतली होती, हे मला माहीत होतं. उम्म यूसुफ म्हणाली होती, सांग, इथे कोणालाच माहीत नाही. बाबा म्हणाले, "मग कमकुवत जागी डोकं घालू नकोस. जे सगळ्यात भक्कम आहे तेच पाडायचं. ते पडलं की बाकी आपोआप पडतं." आई ताटात भात वाढत होती. ती म्हणाली, "मूल गेलंय तिचं. ते काय पाडायचं?" बाबा म्हणाले, "बघ, भावना." मी हसले. सुईणीचं बाबांना माहीत नव्हतं. ते मला बाबांनी सुचवलं नाही, ते मी माझ्या खोलीत बसून एकटीनं शोधलं, आणि सापडलं तेव्हा मला गणित सुटल्याचा आनंद झाला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. बाबा टेनिस सोडून पहिल्या रांगेत. आई आणि उम्म यूसुफ अगदी मागे, दाराजवळ, मांडीवर डबे घेऊन. नंतर आम्हा चौघींनी आमच्या घरी जेवायचं असं ठरलेलं होतं. परीक्षक तिघे: मुख्याध्यापिका, एक निवृत्त न्यायाधीश, आणि दुसऱ्या शाळेतल्या एक शिक्षिका. वेळ पाळायला टेबलावर हॉटेलात असते तशी घंटी.

इल्या आधी बोलला. अडखळत बोलला, पण सभागृह ऐकत राहिलं. तिकडे राहणाऱ्या त्याच्या मावशीच्या घरासमोर बसमध्ये स्फोट झाला होता, आणि मावशी तीन दिवस खिडकी उघडत नव्हती. तिचा मुलगा आता सैन्यात, नाक्यावर. "तो येणाऱ्या प्रत्येक गाडीला घाबरतो," इल्या म्हणाला. "ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला उद्यापासून तिथून उठवा आणि परवा बस फुटली तर मावशीला काय सांगायचं, ते मला सांगा." त्यात डावपेच काही नव्हते. आंकं पाठ केलेलं बोलली. कायदा, परवाने, पाणी, वसाहतींचे वेगळे रस्ते. मग मी बोलले. काय बोलले ते मला आता आठवत नाही, आणि तेही पुरेसं बोलकं आहे.

रानिया शेवटी उठली. कागद नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं तशाच सपाट आवाजात तिनं सांगितलं. आदल्या दिवसाचं काही नाही, फक्त नाक्यावरचा तो पाऊण तास: गाडी बंद, काचा वर, ऊन, तिच्या बाबांचे वर केलेले हात, तिच्या आईचा आवाज. "मी पुढच्या सीटवर होते," ती म्हणाली. "मला मागे बघू नको म्हणून सांगितलं होतं. मी पाहिलं." हे मला माहीत नव्हतं. ती त्या गाडीत होती हे तिनं आमच्याकडे कधी सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून हातात धरला. त्या क्षणी मी थांबू शकले असते. थांबावं असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, आता पाडलं तर सगळ्यांना दिसेल.

प्रश्नांच्या फेरीत मी उठले. आवाज मुद्दाम मऊ ठेवला. "रानिया, तुझ्या कुटुंबाबद्दल मला आदर आहे. एकच विचारते. सुईणीनं तुझ्या आईला हॉस्पिटलमध्ये कधी जायला सांगितलं होतं? त्या दिवशी, की आदल्या दिवशी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझं वाक्य चुकून भलतंच निघालं असेल, मी ते मागे घेईन, अशी वाट बघत असल्यासारखी ती उभी होती.

"आदल्या दिवशी," ती म्हणाली. "पण तेव्हा—"

"आदल्या दिवशी. आभार. आणि तुझी आई स्वतः आमच्या घरी, माझ्या आईला म्हणाली की निघायला उशीर झाला ही माझीच चूक. हे भाषांतर मीच केलं होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे. दुःख खरं आहे. पण जी आई स्वतः नाक्याला दोष देत नाही, तिच्या दुःखावर आपण इथे नाक्यांचा निवाडा करावा का?"

घंटी वाजली. रानियानं तोंड उघडलं, मुख्याध्यापिकांनी हात वर केला, वेळ संपली. आदल्या दिवशी गावात संचारबंदी होती, हे सभागृहात बोललंच गेलं नाही. ते मला माहीत होतं. घंटी कधी वाजेल हेही माहीत होतं. मी प्रश्न शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी राखून ठेवला होता.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उम्म यूसुफला जर्मन येत नव्हतं, पण सुईणीचा जर्मन शब्द, हेबामं, तिला येत होता. धाकटी मुलगी तिनं इथेच जन्माला घातली होती. तो शब्द तिनं माझ्या तोंडून ऐकला आणि व्यासपीठावरची आपली मुलगी पाहिली. ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं अरबीत काहीतरी विचारलं. सगळे मागे वळले. रानिया व्यासपीठावरून उतरली, मधल्या वाटेनं चालत गेली, आपल्या आईला धरून दाराबाहेर घेऊन गेली. माझ्या आईच्या मांडीवर आता दोन डबे होते.

मला पहिलं बक्षीस मिळालं. न्यायाधीश म्हणाले की एवढ्या नाजूक विषयात ही मुलगी भावनेत वाहून गेली नाही, तथ्यांना धरून राहिली. खूप टाळ्या वाजल्या, आधीच्या कोणासाठीही वाजल्या नव्हत्या एवढ्या. त्या टाळ्या मला फार वर्षांनी कळल्या. त्या सभागृहातल्या लोकांना रानियानं अशा जागी आणून उभं केलं होतं जिथे त्यांना काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि म्हणायची त्यांना भीती होती. मी, ना जर्मन ना ज्यू, सातासमुद्रापलीकडची सावळी मुलगी, मी त्यांना तिथून सोडवलं होतं. सुटलेल्या माणसांच्या टाळ्या होत्या त्या.

बाहेरच्या बोळात इल्या सायकलचं कुलूप काढत होता. मी म्हटलं, "आपण जिंकलो." तो वर न बघता म्हणाला, "मी माझ्या मावसभावासाठी बोलत होतो." थोडा वेळ त्याला पुढचा शब्द सापडेना. मी वाट पाहिली. मग तो म्हणाला, "तू कोणासाठी बोललीस?" आणि उत्तर न ऐकताच गेला. वर्ष संपेपर्यंत तो माझ्या शेजारी बसला नाही.

घरी बाबांनी वाटेतून केक आणला होता. आईनं तो कापला नाही, दोन्ही डबे ओट्यावर ठेवून ती तिथेच पाठमोरी उभी राहिली. बाबा म्हणाले, "अगं, ये की. एवढं काय झालं? खेळ होता तो. उद्या तीच मुलगी हिला असं पाडेल." आई वळली. "अहो, तुम्ही आता गप्प बसा," ती म्हणाली. बाबांना असं कोणी म्हणाल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी केकच्या खोक्याचं झाकण लावलं. आई मला म्हणाली, "ती गोष्ट मी पूर्ण ऐकलीय. तूच सांगितलीस मला. संचारबंदीचं सांगितलंस, जीपचं सांगितलंस. आज त्यातलं काय काय सांगितलंस, ते मला सांग."

मी म्हटलं, "मी खोटं काहीच बोलले नाही." हे जर्मनमध्ये म्हटलं. तेव्हा मी तिला बरेचदा जर्मनमध्येच उत्तर द्यायचे.

"मराठीत सांग," आई म्हणाली.

मला मराठीत सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला बरोबर घेतलं. रानियाचं घर श्टाटबाननं सहा थांबे. जिना आतल्या बाजूला, खिडकी नसलेला, दिवा बटण दाबलं की मिनिटभर लागायचा आणि आपोआप विझायचा. रानियानं दार उघडलं. मागे उम्म यूसुफ, घरातल्या साध्या कपड्यांत, डोक्यावर काही नाही. एका दिवसात ती वाळल्यासारखी दिसत होती. आईनं हात जोडले आणि मराठीत म्हणाली, "मला माफ करा. माझ्या मुलीला सगळं माहीत होतं, तरी तिनं मुद्दाम अर्धंच सांगितलं. तुम्ही विश्वासानं बोललात आणि तिनं ते लोकांसमोर तुमच्यावरच उलटवलं." मग मला म्हणाली, "सांग."

मी रानियाकडे बघून जर्मनमध्ये म्हटलं, "माझी आई म्हणते की काल जो गैरसमज झाला त्याबद्दल तिला फार वाईट वाटतं."

गैरसमजाचा जर्मन शब्द आईला येत होता. ऑफिसांच्या पत्रांत तो असायचा, मीच तिला एकदा सांगितला होता. तिनं माझा दंड धरला, घट्ट, आणि मला बाजूला केलं. रानियाच्या समोर येऊन ती स्वतः बोलायला लागली, तिच्या त्या मोडक्या जर्मनमध्ये, शब्द शोधत, क्रियापदं भलत्या जागी टाकत. "गैरसमज नाही. माझी मुलगी माहीत. बाहेर जाणं बंद, माहीत. सैनिक माहीत. सगळं माहीत. आणि नाही बोलली. जिंकण्यासाठी." मग तिला शब्द सापडेना. तिनं उम्म यूसुफकडे बोट केलं आणि मान जोरजोरानं हलवली. "तुमची चूक नाही. नाही. नाही."

हे शेवटचं भाषांतर करायची गरज पडली नाही. उम्म यूसुफनं भिंतीला हात टेकला. ती रानियाशी थोडं बोलली. रानिया माझ्या आईला म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, तिला कळावं म्हणून, "आई म्हणते, तुम्ही आत या."

आईनं चपला काढल्या. मीही बुटांची नाडी सोडायला वाकले.

"तू नाही," रानिया म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती आत गेली आणि दार लागलं.

मी जिन्यात उभी राहिले. दिवा विझला की बटण दाबायचे, नंतर दाबायचंही सोडलं. सुरुवातीला आतून काहीच ऐकू आलं नाही. मग उम्म यूसुफचा आवाज आला, बराच वेळ, अरबीत, आणि मधे मधे आईचा, मराठीत. रानियाचा आवाज त्यात कुठेच नव्हता. दोघींपैकी कोणीतरी रडत होतं, कोण ते दारातून कळेना. भांड्यांचा आवाज आला. तासाभरानं आई बाहेर आली, चपला घातल्या आणि मला ओलांडून जिना उतरायला लागली. श्टाटबानच्या थांब्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"तुला कशाला हवंय?" आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होती.

त्यानंतर आई दर शनिवारी एकटी जायची, उन्हाळ्यात ती माणसं दुसऱ्या शहरात राहायला जाईपर्यंत. रानिया आधीच वेगळ्या शाळेत गेली होती. टेबलावर बाबा अजूनही "सिद्ध कर" म्हणायचे, पण आई उत्तर द्यायची नाही आणि पोळ्या आणायलाही उठायची नाही. बसून जेवायची. सप्टेंबरात तिनं जर्मनच्या वर्गात नाव घातलं. पत्रं घेऊन माझ्याकडे येणं तिनं बंद केलं. शब्दकोश उघडून तासन् तास बसायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, "असू दे. मी बघते." हे तिनं इतक्या सौम्यपणे म्हटलं की बाहेरच्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. पुढे मी हायडेलबर्गला शिकायला गेले, तिथेच राहिले. ती फोन करायची, डबे पाठवायची, माझ्या आजारपणात येऊन राहिली. प्रेमात तिनं काही कमी केलं नाही. पण मनातलं असं काही तिनं मला पुन्हा कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं असलं की ती बोलता बोलता थांबायची, माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची.

ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटच्या महिन्यात मी तिच्या उशाशी बसून एकदा विचारलं, त्या दिवशी आत तुम्ही दोघी काय बोललात? ना तिला अरबी येत होतं, ना त्यांना मराठी. आईनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग ती म्हणाली, "सगळं बोललो." आणि कुशीवर वळली.